मोकळं टेबल

सोमवार, १० नोव्हेंबर

आमच्या विभागातल्या जुलेखाच्या ‘घरून काम’चा मला पडलेला आजचा भुर्दंड — फोन सात, ‘आवाज येतोय का?’ अकरा वेळा, आणि गार झालेला डबा. हाती काय? शून्य! गुणपत्रक दुरुस्तीचं काम तिच्याकडं, आणि पोरं माझ्या खिडकीवर ओरडतायत. एका मुलीची नोकरी त्या कागदापायी अडलीय. कुलसचिव म्हणाले, “परीक्षा विभागाचे अधीक्षक तुम्ही. बाईंना घरून काम चालू ठेवायचं का, शुक्रवारपर्यंत लेखी द्या.”

शिपाई म्हणून लागलो इथं. एकतीस वर्षांत माझ्या टेबलावर एक कागद मुक्कामाला राहिला नाही. आजही टेबल मोकळं!

मंगळवार, ११

ऑनलाइन मीटिंग. मी डोळे मिटून ऐकतो — माणूस ओळखायचा तर कानानं. तिच्या उचगावच्या घरात कुकरच्या तीन शिट्ट्या, शेळी, सासूचं कण्हणं. (सासू पडलीय. मांडीचं हाड.)

म्हटलं, “बाई, भात झाला असंल तर जरा विद्यापीठाचं बघूया?”

सगळे हसले. ती नाही. “साहेब, पत्रकं रोज जात्यात की माझ्याकडनं. शिट्ट्या काय मोजताय, काम मोजा!”

जातात म्हणे! मग माझ्यापर्यंत का येत नाहीत?

बुधवार, १२

खिडकीजवळच्या टेबलांवर दिवसभर कळंब्याच्या प्लॉटच्या भावांच्या गप्पा. असू दे. समोर तर बसलेत!

गुरुवार, १३

आमचा क्लार्क कृष्णात छापलेले कागद घेऊन आला. उभ्या उभ्या सह्या ठोकल्या. जाता जाता म्हणाला, “साहेब, बाईंचं बंद करू नगा. सासूला टाकून कशी येणार ती? कंत्राटी हाय, नोकरीच जाईल की.”

“तू तिचा वकील हाईस व्हय?”

कागद उचलून गेला. पण जेवण गेलं नाही मला.

शुक्रवार, १४

लिहून दिलं — ‘घरून काम बंद करावे.’ सही वाकडी आली.

सोमवार, १७

जुलेखाचा राजीनामा. मेलवर आलेला, कृष्णातनं छापून टेबलावर ठेवला. दोन ओळी. सही करून लगेच पुढं पाठवला.

मंगळवार, १८

संगणक विभागाच्या धम्मपालनं आज पहिल्यांदा माझं लॉगिन उघडून दिलं. जुलेखानं पुरी करून पाठवलेली एकशे बारा पत्रकं माझ्या सहीसाठी थांबलीत. सगळ्यात जुनं बावीस सप्टेंबरचं.