मागच्या बाजूचं बूच

बर्च ग्रोव्ह, केंटकी
ऑगस्टअखेर, उकाडा असह्य

आदरणीय ऑगस्टाताईस,

धाकट्या युलालियाचा नमस्कार, आणि तुझ्या त्या नव्या गुडघ्याला वेगळा नमस्कार, कारण आपल्या घराण्यात आता तोच सगळ्यांत तरुण आहे. कसा आहे तो? जिना चढू देतो का? लेक आणि जावई अजून तुला लोणच्याच्या बरणीसारखं उचलून या खोलीतून त्या खोलीत ठेवतात का? मागच्या पत्रात तू लिहिलंस, की दिवसभर खिडकीशी बसून लुईव्हिलमधल्या गाड्या बघते. ते वाचून मला फार राग आला (तुझा नाही, गाड्यांचा). इकडे मी ठणठणीत. टोमॅटो भरपूर आले, मका करपला, आणि फादर कॉनराड यांचं प्रवचन अजूनही आता संपलं, आता संपलं असं वाटायला लावतं आणि संपत नाही. पाकीट हाताला जड लागलं असेल, त्याचं कारण शेवटी सांगते. सिस्टर इग्नेशिया यांनी कॉन्व्हेंटात आपल्याकडून पत्राचा क्रम घोटून घेतला होता, तो मी पाळते आहे: आधी प्रकृती, मग हवा, मग बातमी, आणि पत्रातून कुणाकडे काही मागायचं नाही, ते असभ्य. तेव्हा निर्धास्त मनाने वाच. या पत्रात मी तुझ्याकडे काहीही मागणार नाही.

बातमी अशी, की मी होडी घेतली.

चष्मा पुसून पुन्हा वाचू नकोस. होडीच. ॲल्युमिनियमची, वापरलेली, खास बास जातीचे मासे धरायची, हिरव्या रंगाची (रंग अजून जिथे शिल्लक आहे तिथे), डाव्या कुशीला एक पोचा असलेली. अशी देखणी वस्तू मी आयुष्यात घेतली नव्हती. परसात ती ट्रेलरवर उभी आहे आणि मी भांडी घासताना खिडकीतून तिच्याकडे बघते. त्यामुळे दोन कप फुटले.

याला सर्वस्वी जबाबदार ह्यूबर्ट क्लेमन्स. आपल्या चर्चची सप्टेंबरातली बास-स्पर्धा तुला ठाऊकच आहे: एका होडीत दोघं, मासे जिवंत आणायचे, तराजूवर घालायचे आणि पुन्हा तलावात सोडून द्यायचे. माझे ओवेन आणि हा ह्यूबर्ट वर्षानुवर्षं ह्यूबर्टच्या होडीतून उतरले, आणि मी वर्षानुवर्षं काठावर उभी राहून तराजू सांभाळला. या गावातल्या प्रत्येक पुरुषाचा मासा माझ्या हातून गेला आहे, आणि प्रत्येकाने तो तराजूवर ठेवताना वजन वाढावं म्हणून हळूच शेपटी दाबून बघितली आहे (हो, चर्चच्या डीकनसाहेबांनीसुद्धा, आणि वर आकाशाकडे बघत). ओवेन गेल्यापासून त्यांच्या गळाच्या काठ्या गॅरेजात टांगलेल्या होत्या. या उन्हाळ्यात एक दिवस मी त्यांच्यावरची धूळ झटकायला गेले आणि झटकता झटकता मनात आलं, की आता काठावर उभं राहणं बास. एकदा तरी पाण्याच्या त्या बाजूने तराजूकडे यायचं. स्पर्धेच्या बैठकीत मी तसं उभं राहून सांगितलं. ह्यूबर्ट म्हणाला, "अगं युला, तू पाण्यात उतरलीस तर तराजू कोण बघणार?" सगळे हसले. मी विचारलं, बाईमाणसाने उतरू नये असा नियम कुठे आहे? "तसा नाही गं. पण होडी लागते ना! होडी आहे का तुझ्याकडे?" असं म्हणून त्याने बशीतलं बिस्कीट उचललं. माझ्या हातचं बिस्कीट, ताई, माझ्याच घरच्या जॅमसकट! मी फक्त "बरं" म्हटलं. मी "बरं" म्हणते तेव्हा पुढे काय होतं हे ओवेन जाणत होते. ते असते तर त्यांनी टेबलाखालून ह्यूबर्टच्या पायावर पाय दिला असता.

तर टेकडीपलीकडे डेल्बर्ट स्कॅग्ज नावाचे गृहस्थ होडी विकायला काढणार असल्याचं कळलं. आपल्यासारखे कॅथलिक नाहीत, बॅप्टिस्ट आहेत, पण बाकी माणूस सज्जन. होडी सीडरच्या झाडाखाली उभी होती आणि तिच्यात कोंबडी अंड्यावर बसली होती. डेल्बर्टनी कोंबडीला उठवलं, बोटांच्या पेरांनी होडीवर टकटक केली आणि म्हणाले, "घट्ट आहे, बाई." मला टकटक करून काय कळणार? टकटक कलिंगडावर करतात. मी म्हटलं, "नळी आणा आणि होडीत पाणी भरा."

"बाई, होडी पाण्यात घालतात. पाणी होडीत घालत नाहीत."

"बाहेरचं पाणी आत येणार असेल, तर आतलंही बाहेर येईल. भरा."

भरलं. मी ट्रेलरखाली उताणी झोपून बघितलं (या वयात, चर्चला जायच्या स्कर्टमध्ये, एका बॅप्टिस्टाच्या अंगणात), तर पत्रा जोडणारे दोन रिव्हेट ठिबकत होते. डेल्बर्टनी मुकाट्याने ते ठोकून पक्के केले. मग पाणी काढायची वेळ आली. होडीच्या मागच्या बाजूला तळाशी त्यासाठीच एक भोक असतं आणि त्यात अंगठ्याएवढं पितळी बूच बसतं. ते उपसून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं. "हे जपा बाई, सगळी होडी यावर आहे." मी जपलं. पर्समध्ये, रोझरीच्या जपमाळेच्या डबीत, रोझरीखाली. इथपर्यंतचं माझं वागणं निर्दोष आहे, हे ध्यानात ठेव. व्यवहार दोन्ही बाजूंच्या समाधानाने झाला, पैशाचा प्रश्नच आला नाही (कसा आला नाही ते मधेच विचारू नकोस, पत्राचा ओघ बिघडतो).

मग सवय करणं सुरू झालं. ॲल्युमिनियमच्या होडीत चमचा पडला तरी ईस्टरची घंटा वाजते आणि पलीकडच्या काठाचे मासेसुद्धा उठून बसतात, म्हणून जिन्यावरचा जुना गालिचा कापून तिच्या तळाला चिकटवला. (जिना आता उघडा आहे. तुझ्या गुडघ्याला तो चढायचा नाही, म्हणून काळजी नसावी.) लांब पळायला मागे पेट्रोलचं मोठं इंजिन आणि मधे चाक, आणि मासे धरताना हळू सरकायला पुढच्या टोकाला विजेचं छोटं इंजिन असतं, ते पायाच्या पेडलने चालवायचं. ही कला मला लगेच साधली, कारण पेडलवर नेमका पाय ठेवायला आईने आपल्याला लहानपणीच बसवलं होतं. पहिले काही दिवस ते परसातल्या परसात, हवेतच, स्वतःभोवती गिरक्या घेत होतं तो भाग वेगळा. आणि पुढच्या खोलीत आता जागा भरपूर झाली आहे, तिथे मी रोज सकाळी आमिषाचा रबरी बेडूक फेकायचा सराव करते. समोरच्या भिंतीशी ओवेनची टोपी ठेवायची आणि तिच्यात बेडूक टाकायचा. पडद्यांचं म्हणावं तितकं नुकसान झालेलं नाही.

एवढी तयारी झाल्यावर मागच्या मंगळवारी मी ट्रकला ट्रेलर जोडून तलावावर गेले. ताई, ज्याने ट्रेलर मागे घेण्याची रीत काढली तो नरकात कुठल्या मजल्यावर असेल याचा मी पुष्कळ विचार केला आहे. चाक डावीकडे फिरवावं तर ट्रेलर उजवीकडे जातो, आणि सगळं जग बघत असतं. होडी उतरवायच्या त्या उतारावर आमच्या गावचे रिकामे पुरुष कॉफी घेऊन बसलेले असतात, नाटकाला बसल्यासारखे. त्यातल्या निम्म्यांना मी शाळेत लॅटिन शिकवलं आहे. ज्यांना कधी क्रियापद चालवता आलं नाही ते आता मला ट्रक चालवायला शिकवत होते. "बाई, डावीकडे! नाही बाई, दुसरं डावीकडे!" "बाई, कचऱ्याचा डबा सांभाळा!" "बाई, तो डबा गेला, आता झाडाकडे बघा!" शेवटी होडी पाण्यात गेली. मी ट्रक वर लावला, पर्स घेतली, टाळ्या घेतल्या, चाकामागे बसले आणि राणीसारखी निघाले. सकाळ अशी होती, की पाण्यावरून नुकतंच धुकं उठत होतं आणि बगळा माझ्याकडे बघून उडालासुद्धा नाही. मला वाटलं, ओवेन इतकी वर्षं पहाटे उठून इकडे पळायचे ते काही उगीच नाही.

थोड्या वेळाने मला वाटलं की पाय गार पडले आहेत. मग वाटलं, गालिचा तरंगतो आहे. मग दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या निघाल्या.

बूच रोझरीखाली! मी इतकं नीट जपलेलं बूच! काठावरून माझे सगळे नापास विद्यार्थी एका सुरात ओरडले, "बाई, थांबू नका! जोरात पळवा!" शाळेत त्यांनी माझं कधी ऐकलं नाही, पण मी त्यांचं ऐकलं. होडी भरधाव सुटली, की नाक वर येतं, पाणी मागे जमतं आणि त्याच भोकातून बाहेर ओढलं जातं. फार सुंदर व्यवस्था आहे, फक्त थांबता येत नाही. थांबलं की पाणी परत आत. चाक सोडून मागे बूच लावायला जावं तर होडी कुठे जाईल याचा नेम नाही. मागे कुणी एक माणूस बसलेलं असतं तर क्षणात काम झालं असतं, पण मागे होता फक्त गालिचा. म्हणून मी फिरत राहिले. तलावाला अख्ख्या दोन फेऱ्या मारल्या. एका हाताने पर्स उघडून रोझरी गळ्यात घातली, बूच दातात धरलं आणि नमो मरिया म्हणत होते (दातात बूच धरून म्हटलेली प्रार्थना पोचते, हे मी अनुभवाने सांगते). आणि खरं सांगू? भीती पहिल्या वळणापर्यंतच होती. दुसऱ्या वळणावर वाऱ्याने माझी टोपी नेली आणि मी मोठ्याने हसले. त्या वेगात ह्यूबर्टच्या मासे धरायच्या गुप्त जागेवरून गेले (गुप्त म्हणजे काय, सगळ्या गावाला ठाऊक आहे), आणि माझ्या लाटांनी त्याची होडी अशी डोलली, की त्याची कॉफी त्याच्याच मांडीवर सांडली. हे मी मुद्दाम केलं नाही. पण दुसऱ्या फेरीला केलं.

शेवटी पलीकडच्या रेतीच्या काठावर मी होडी सरळ चढवली, खाली उतरले आणि बूच लावलं.  आता आलेच आहे तर, म्हणून मी काठी घेतली. समोर एक बुडालेला ओंडका होता. त्याच्या जागी ओवेनची टोपी डोळ्यांसमोर आणली आणि बेडूक टाकला. ताई, पाणी फुटलं! असा मासा मी तराजूवरसुद्धा क्वचित बघितला आहे. काठी वाकली, मी वाकले, तो हवेत उभा राहिला आणि डोकं झटकून मी वर्गात बघायचे तशा नजरेने माझ्याकडे बघू लागला. मी त्याला खालच्या ओठाला धरून उचलला, तेवढ्यात ह्यूबर्ट पाठलाग करत तिथे आला. पँट ओली, चेहरा लाल.

"युला! वेड लागलंय का तुला? अख्खा तलाव घुसळलास!"

मग त्याला मासा दिसला. त्याने माझ्यासमोर टोपी काढली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"साडेपाच पौंड," मी म्हटलं.

"तराजूवर घातल्याशिवाय कसं सांगणार?"

"ह्यूबर्ट, तराजू मीच आहे," असं म्हणून मी मासा सोडून दिला.

त्याने पँटवरची कॉफी रुमालाने पुसली. मग म्हणाला, "होडी झाली, कबूल. पण एका होडीत दोघं लागतात. जोडीदार कोण तुझा? रविवारच्या चर्चमधल्या मिस्सेपर्यंत नाव सांग. नाही मिळालं तर वाईट वाटून घेऊ नकोस, तराजू आहेच." गावातल्या बायकांना विचारून झालं. निम्म्या नवऱ्यांच्या होडीविरुद्ध उतरायला तयार नाहीत, आणि बाकीच्यांनी उतारावरची हकीकत ऐकली आहे.

असो. मी सुखात आहे, आनंदात आहे आणि सिस्टर इग्नेशिया यांच्या आज्ञेत आहे. लेकीला आणि जावयाला आशीर्वाद. गुडघ्याला जप.

तुझी धाकटी बहीण,
युलालिया हेगन

ता. क. सिस्टर इग्नेशिया यांचा नियम पत्राला लागू आहे, आणि सही झाली की पत्र संपतं. म्हणून इथे लिहिते: रविवारी मिस्सा संपल्यावर मी ह्यूबर्टला तुझं नाव सांगितलं. तो म्हणाला, "ऑगस्टा? अगं, तिचा तो गुडघा!" मी म्हटलं, गुडघा बदलला आहे, मनगट जुनंच आहे. कॉन्व्हेंटच्या तळ्यात शुक्रवारच्या जेवणाचे मासे कोण पकडायचं? कमळाच्या पानावर, पान न हलवता, आमिष कोण ठेवायचं? होडीत बसायचं असतं, ताई, गुडघे टेकायचे नसतात. जावई शनिवारी तुला घेऊन येतील. त्यांना मी वेगळं कळवलं आहे, तुमची बरणी सांभाळून आणा म्हणून.

ता. क. २. तू "नाही" म्हणायच्या आधी एक सांगायचं राहिलं. आईने आपल्या दोघींना मिळून ठेवलेला पियानो आता पुढच्या खोलीत नाही. तो डेल्बर्टच्या चर्चच्या तळघरात आहे आणि तिथे रोज वाजतो. आपल्याकडे त्यावर फक्त फोटो आणि धूळ होती. बॅप्टिस्टांची गाणी आहेत, तेव्हा आई वरून ऐकत असेल तर नाक मुरडून ऐकत असेल, पण ऐकत असेल. पियानो अर्धा तुझा होता, म्हणून होडीही अर्धी तुझी. मी कुणाचा हक्क बुडवत नाही.

ता. क. ३. वाटणीही करून ठेवली आहे. पुढची अर्धी माझी, पेडल तिथे आहे म्हणून. मागची तुझी: उशीची खुर्ची, पाय लांब करायला जागा, पाणीच पाणी बघायला, एकही गाडी नाही. आता भोक मागच्या बाजूला आहे, म्हणजे ते तुझ्या अर्ध्यात येतं, त्याला माझा इलाज नाही. पाकीट हलवून बघ. त्यात जे खडखडतं ते बूच आहे. येताना आण. त्याच्याशिवाय होडी तरंगत नाही.