देवळाच्या वळणावर

प्रिय महिपत,

लिहिते आहे तुझी आई, बोलते आहे मी, तुझी आजी. अक्षर आवडलं तर ते तिचं, बोलणं टोचलं तर ते माझं. मध्येच ती पेन थांबवून माझ्याकडे बघते, म्हणजे लिहू नये असं काहीतरी मी बोलले. तेवढं मी तिला हटकून लिहायला लावते.

तुझी कॅसेट जयगडच्या सदूनं आणून दिली. बोटीवर एवढ्या माणसांची भांडी घासून तुला गाणी ऐकायला वेळ उरतो, बरं वाटलं. तुझ्या भावानं, धाकूनं, टेप लावला. अमेरिकेतल्या काळ्या बाईचा आवाज. शब्द एक कळेल तर शपथ. पण ती ओळ टाकते आणि मागची माणसं उचलून धरतात, ते कळलं. तुझ्या आजोबांचा जलसा असाच असायचा. भात झोडून झालं की गावोगाव जायचे, बाबासाहेबांची गाणी म्हणायचे, तीही आपल्याला पाण्याला शिवू न देणाऱ्यांच्या तोंडावर. परत येताना गळ्यात कधी हार असे, कधी कपाळाला टेंगूळ. मी टेंगळावर हळद लावायचे आणि बदल्यात गाणं पाठ करून घ्यायचे.

तू पत्रात लिहिलंस, ती कॅसेटवरची माणसं नुसती गाणारी नव्हती. आमच्या लोकांना वेगळं बसवाल तर गाणार नाही म्हणायची. मोर्च्यात चालायची, पोलिसांनी कुत्री सोडली तरी गाणं तोडायची नाहीत. दोन पानं भरून लिहिलंस. आणि तिसऱ्या पानावर काय, तर आजीला सांगा, यंदा जयंतीच्या मिरवणुकीत गाऊ नको. वा रे नातवा. समुद्रापलीकडची बाई गायली तर शूर, घरची गायली तर हट्टी.

तू का घाबरलास ते मला कळतं. गेल्या वर्षी देवळाच्या वळणावर दगड आले, धाकूच्या कपाळाला टाके पडले. यंदा वरच्या वाडीनं निरोप धाडलाय, रस्ता सरकारी आहे, खुशाल जा, पण वळणापासून शाळेपर्यंत मुक्यानं जा. आपल्या पोरांनी माना डोलावल्या. मलाही वाटलं, जाऊ दे. खरंच थकले रे. घाटी चढताना श्वास पुरत नाही, दोन ओळींत छाती भरून येते. गप्प चालायचं तर माझ्या पायांना बरंच. पण मुक्यानं प्रेत नेतात, महिपत. बाबासाहेबांची तसबीर तशी कशी न्यायची?

तेव्हा हे पत्र परवानगीसाठी नाही. मी वळणावर गाणार. धाकूला विचारलं, मागे म्हणशील का, तर म्हणतो दादानं नको म्हणून लिहिलंय. घर तुझ्या मनीऑर्डरीवर चालतं, त्यामुळे माझ्या आवाजापेक्षा तुझा शब्द मोठा झालाय. आणि धाकू गप्प राहिला तर बाकीची पोरंही गप्प. मग मी ओळ टाकीन आणि मागून कोणी उचलणार नाही. ते गाणं नव्हे, म्हातारीचं ओरडणं होईल. वरची वाडी दगडसुद्धा मारणार नाही, नुसती हसेल. दगडाची मला भीती नाही, त्या हसण्याची आहे. म्हणून जयंतीच्या आत पोचेल असं एक पत्र धाकूच्या नावानं टाक. भीत भीत लिही हवं तर, पण लिही, की आजीच्या मागे म्हण.

तुझीच,
दमलेली आजी