साहेबांच्या टेबलावरचं इंग्रजी

बाबा, तुम्ही शिकवलेलं इंग्रजी हलकं निघालं. हे मी नाही म्हणत, तुमची नात म्हणते. ती लंडनला असते, तिथल्याच एका गोऱ्या मुलाशी तिचं लग्न ठरलंय, आणि गेल्या महिन्यात त्याचे आईवडील तिच्याबरोबर डोंबिवलीला आमच्याकडे जेवायला आलेले. त्याआधी आठवडाभर रोज फोनवर माझी शिकवणी. "आई, ऐकू आलं नाही तर पार्डन म्हणू नकोस." अगं, मग काय म्हणू? "व्हॉट म्हण. त्यांच्यातली खानदानी माणसं सरळ व्हॉट म्हणतात. पार्डन म्हटलं की ओळखतात, हे खालून वर चढू बघणारे." आणि बाबा, 'काय?' म्हटलं म्हणून तुम्ही मला ताटावरून उठवलेलं, आठवतंय? कोपरीचं आपलं स्वयंपाकघर, रविवार, स्टीलच्या ताटलीत ऑम्लेट, माझ्या डाव्या हातात काटा, उजव्या हातात सुरी. आई स्टोव्हपाशी पदर तोंडाला लावून हसतेय आणि तुम्ही डोळे वटारून बसलाय. "काय नाही, पार्डन! उद्या चार मोठ्या माणसांत बसायचंय ना तुला?" मी मुसमुसत पार्डन म्हटलं तेव्हा कुठे ऑम्लेट परत मिळालं.

आणि तुम्ही हे शिकलात कुठे? ठाण्याच्या कंपनीत, गोऱ्या साहेबांच्या डायनिंग रूममध्ये, त्यांना वाढता वाढता. पांढरा कोट घालून भिंतीशी उभं राहायचं आणि कान उघडे ठेवायचे. आता मला वाटतं, तुमच्या त्या साहेबांतले निम्मेअर्धे स्वतःच खालून वर चढत असतील, म्हणून तर एवढं पार्डन पार्डन करत असतील! पण हे तेव्हा कोण सांगणार?

तुमच्या नातीचं पुढे ऐका. सोफ्याचं कव्हर काढ, पण नवीन घालू नकोस. काचेचा नवा सेट नको, रोजच्या ताटल्या काढ. नवंकोरं दिसलं की हलकं वाटतं म्हणे. कमालच झाली! सगळा जन्म जुनं घालून काढला, आता कुठे नवं घ्यायची ऐपत आली, तर म्हणे नवं लपव. त्या बाई आल्या तर खरंच सुती शर्टाच्या कोपराला रफू. शेजारीण दारातून बघून माझ्या कानात कुजबुजली, "अगं, परिस्थिती बेताची आहे का गं त्यांची?" दोनशे वर्षांचं घर आहे त्यांचं, बागेत घोडे आहेत, तिला काय सांगू!

पण एक गोष्ट मी हट्टाने केली. पोरीने नॅपकिन साधे घडी घालून ठेव म्हटलेलं. मी तुम्ही शिकवलेला पंखा केला, कडक इस्त्रीचा, एकेका ग्लासात एकेक. काटे-सुऱ्याही मांडल्या. पाहुण्यांनी काटे बाजूला सारले आणि मजेत हाताने वरणभात कालवला. टेबलावर काटा हातात धरून बसलेली मी एकटीच. तुमचे जावई तर शर्टाचं वरचं बटण लावून ताठ बसलेले. मग त्या बाईंनी नॅपकिन उचलला आणि विचारलं, हे इतकं सुंदर कुठे शिकलात? मी तोंड उघडायच्या आत आमची पोर म्हणाली, "माझे आजोबा इंग्लिश कंपनीत मॅनेजर होते. घरी खूप पार्ट्या व्हायच्या."

ती माझ्याकडे बघत नव्हती. मी पाणी प्यायले आणि म्हटलं, नाही, मॅनेजर नव्हते. मॅनेजरांना वाढायचे. हे तिथेच शिकले. मग बाई हसल्या, "हाऊ मार्व्हलस," आणि बटाट्याच्या भाजीला काय काय घातलंय ते विचारू लागल्या.

श्रीखंड काढायला मी आत गेले तर पोर मागोमाग. दार लोटून घेतलं. "काय गरज होती, आई?"

"तुला आजोबांची लाज वाटते?"

"मला नाही वाटत! तुला ती माणसं माहीत नाहीत. तोंडावर कधी काही म्हणणार नाहीत. मार्व्हलस म्हटलं की समजायचं, नोंद झाली. आता मी कायमची वाढप्याची नात."

"आहेसच मुळी."

"हो, आहे. पण तिथे मला राहायचंय, तुला नाही." तिचा आवाज फाटला. मी वाट्या मोजल्यासारखं करत राहिले. बाबा, मी तुमची बाजू घेतली असं वाटत असेल तर तसं नाही. मला तिचा राग आलेला, तिला लागावं म्हणून बोलले. आणि लागलं.

ती गेल्यावर तीन आठवडे नुसते मेसेज. पोचले. बरी आहे. काल फोन आला. लग्न त्यांच्या बागेत आहे, मुलीच्या आईनेही चार शब्द बोलायचे असतात म्हणे. "आजोबांबद्दल बोल ना, मला आवडेल," ती म्हणाली. मग जरा थांबून, "फक्त कंपनीत होते एवढंच म्हण. खोटं नाहीये ना ते?" तिने दोनदा हॅलो केलं. आवाज रडवेला होता, लहानपणी ताप आला की व्हायचा तसा. मी म्हटलं, नाही गं, खोटं कुठंय.

तुम्ही समोर असता तर हे सांगायची माझी छाती झाली नसती. तुम्ही गेलात तिथला पत्ताच कुणाकडे नाही, ते एका परीने बरंच आहे. मला तिचं लग्न बघायचंय, बाबा.