टायरमधलं हिरवं औषध

सावनेर, ३ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
हर्षाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही प्रत्येक गोष्टीला हो हो म्हणता आणि मग आई सांगते की यांना काही ऐकूच आलं नव्हतं. म्हणून हे पत्र. लेक गावोगाव टपाल वाटते आणि बापाला वर्षात एक कार्ड नाही, असा टोमणा शेजारच्या प्रयागबाईंनी मारलाच होता. त्यांनाही वाचून दाखवा.

महिन्याभरात चौथं पंक्चर झालं, बाबा. चौथं! आणि दर वेळी मागचंच चाक. शेताच्या धुऱ्याला, बांधाला कुंपण करायला लोक बाभळीच्या फांद्या ओढत नेतात आणि अर्धे काटे रस्त्यावर सांडतात. थैली घेऊन सावनेर सोडलं की माझ्या तिन्ही गावांत मिळून एक पंक्चरवाला नाही. शुक्रवारी सात किलोमीटर सायकल ढकलली. लोकांना वाटलं, टपालवाली बाई आज सायकलीलाच फिरायला घेऊन निघाली.

उशीर झाला म्हणून साहेबांनी लेखी खुलासा मागितला. रस्ता खराब, असं लिहून दिलं. तीन खुलासे झाले की माझ्या जागी दुसरं माणूस घेऊ, हे त्यांनी तोंडावर सांगितलं. या जागेसाठी मी तीन वर्षं वाट पाहिली आहे, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

काल नागपूरला सीताबर्डीतून सीलंटची एक बाटली आणली. हिरवं, पिठल्यासारखं घट्ट औषध आहे. ट्यूबमध्ये ओतून चाक फिरवायचं. काटा घुसला की ते आतून भोक बुजवतं म्हणे. ओतू का? दर रविवारी मागचं चाक काढून बसमधून कोराडीला आणायचं आता होत नाही. कंडक्टर माझ्याकडे आणि चाकाकडे एकाच नजरेने बघतो.

आईला नमस्कार. रागावलात तरी लोभ कमी करू नका.

आपली,
हर्षा


कोराडी, ७ फेब्रुवारी २०२५

चि. हर्षा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

रविवारी तुझी वाट पाहिली. पंक्चर शोधायला घमेल्यात पाणी भरून ठेवलं होतं. तुझी आई दोनदा म्हणाली, ते पाणी झाडाले तरी टाका. तू तिकडे बाटल्या विकत घेत होतीस.

कॉलनीच्या गेटसमोर मी चाळीस वर्षं पंक्चर काढले. पॉवर हाऊसच्या तिन्ही पाळ्यांच्या सायकली माझ्या हाताखालून गेल्या. माझा एकच नियम होता. आधी काटा, मग भोक. टायर उलटवायचा, आतून बोट फिरवायचं आणि काटा सापडल्याशिवाय ट्यूबला हात लावायचा नाही. आता तू काटा टायरमध्ये ठेवून ट्यूबला औषध पाजणार. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

शिवाय त्या चिकाने वाल्वचं रबर चिकटतं, हवा जात नाही. उद्या ट्यूब खरोखर फाटली तर ओल्या रबरावर सोल्युशन धरत नाही, ठिगळ सरकतं. मग जगातला कोणताही कारागीर तुझ्या कामाचा नाही.

चाक घेऊन ये. तुझ्या बापाचे हात अजून शाबूत आहेत. हेच मोबाईलवर लिहिणार होतो, पण ती काच माझं बोट जुमानत नाही. तुझी आई म्हणते, पोर थकून राहिली, तिच्यावर काहून ओरडता. मी ओरडत नाही, लिहितो आहे.

रागावलेले, तरी तुझेच,
बाबा


सावनेर, २८ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं, घडी करून ठेवलं आणि औषध ओतलं. खोटं कशाला सांगू?

अठरा दिवस एकही पंक्चर नाही. थैली रोज वेळेवर. तुम्हाला चिडवायला चांगलं दोन पानी पत्र लिहायचं मनात होतं. काल दुपारी, दोन गावांच्या मधोमध, मागच्या चाकातून हिरवी पिचकारी उडाली. माझी सलवार, थैलीचा तळ, सगळं हिरवं. हवा भरली तर राहीना. सावनेरपर्यंत ढकलत आणली. तिथे अंकुश नावाचा पंक्चरवाला आहे. त्याने ट्यूब तीनदा धुतली, तीनदा ठिगळ लावलं, तीनदा ते सरकलं. शेवटी हात पुसत म्हणाला, असं टाकून आणलं तर आमी काय करावं वं ताई.

म्हणजे शब्द न् शब्द तुमचा खरा ठरला. पण ‘मी सांगितलं होतं’ असं कृपा करून लिहू नका. मला आत्ता ते सोसणार नाही. तिसऱ्या गावी पोचायला दोन तास उशीर झाला आणि साहेब नेमके तिथेच तपासणीला आलेले. दुसरा खुलासा द्यावा लागला. पुन्हा रस्ता खराब. साहेबांनी वाचला आणि माझ्या हिरव्या सलवारीकडे पाहिलं. अंकुशकडून भाड्याची सायकल घेतली आहे. तिची चेन दर चढावर उतरते. रडूही येत नाही, इतका संताप झाला आहे.

रविवारी चाक आणून टाकते. लगेच परत निघेन. भेटीत फार बोलू नये, ही विनंती.

आपली,
हर्षा


कोराडी, ४ मार्च २०२५

चि. हर्षा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

‘मी सांगितलं होतं’ असं लिहिणार नाही. लिहायला तोंड राहिलं नाही.

परवा तू गेल्यावर टायर काढला. सगळा चीक धुतला. नेहमीसारखं आतून बोट फिरवलं, एकदा नाही, पाचदा. काही लागलं नाही. टायर चांगला आहे, दोष औषधाचाच, असं मी तुझ्या आईला सांगितलं. ती टायर कोरडा करायला फडकं घेऊन बसली आणि अगं आई गं म्हणून ओरडली. तिच्या बोटातून रक्त आलं. मी जिथून पाच वेळा बोट फिरवलं होतं तिथेच दोन काट्यांची मोडकी टोकं निघाली. काळी पडलेली, जुनी. जानेवारीतली असणार. तुझी ट्यूब दर वेळी तीच टोकं फोडत होती.

मग मी त्यातलं एक टोक अंगठ्यात दाबून पाहिलं. रक्त आलं. कळलं मात्र नाही. शुगरमुळे बोटं अशी बधिर होतात म्हणतात. किती दिवसांपासून आहे, ते सांगता येत नाही.

बाई, तुझे चार पंक्चर माझे आहेत. दोन्ही खुलासेही माझेच. त्या बाटलीला मी उगीच शिव्या घातल्या. तिने माझी चूक अठरा दिवस झाकली. नवीन ट्यूब टाकली आहे. आता यापुढे चाक अंकुशला दाखवत जा. त्याची बोटं तरुण असतील. मी घमेलं प्रयागबाईंना कुंडीसाठी देऊन टाकतो.

तुझा,
बाबा


सावनेर, ६ मार्च २०२५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

घमेलं कुणालाही द्यायचं नाही. दिलं असेल तर परत आणा.

बाबा, मला माहीत होतं. त्या शुक्रवारी सायकल ढकलताना वाटेत टायर उघडला, तर एक टोक माझ्या बोटाला लागलं. आधल्या रविवारी तुम्ही तो टायर तपासून दिला होता. तुम्हाला कसं सांगायचं ते कळेना. म्हणून बाटली आणली, म्हणजे चाक तुमच्याकडे आणायलाच नको. एक टोक काढलं आणि शहाणी होऊन टायर बंद केला. आणखी असतील हे तुमच्या लेकीला कळायला हवं होतं. कळलं नाही, त्याला औषध काय करणार? तुमचं ते रागाचं पत्र मी मुकाट्याने गिळलं. आता वाटतं, बोलले असते तर महिनाभर आधी दवाखाना तरी झाला असता. माझाच राग येतो.

मागचं चाक तुमच्याकडेच आहे, रविवारी पुढचंही घेऊन येते. तुम्ही शेजारी बसून सांगायचं, बोट मी फिरवीन. सोमवारी सकाळी तुम्हाला नागपूरला शुगरच्या डॉक्टरकडे नेणार आहे. रजा मिळाली नाही. तरीही नेणार आहे. साहेबांनी तिसरा खुलासा मागितला तर मागू देत. या वेळी रस्त्याचं नाव घेणार नाही, खरं कारण लिहीन.

आपली,
हर्षा