विमलचा डबा

मोताळा, सोमवार, ९ एप्रिल १९६२

दुपारी शेजारची विमल औषधांचा डबा मागायला आली. नेहमीसारखा बोटाला विळा लागला असेल म्हणून मी धावतच डबा काढला, पण बोटं धड होती. म्हणाली, "मले बी असाच एक भरून द्या. लगन झाल्यावर बीबी गावाले सासरी जाईन, तठी दवाखाना लांब हाये म्हनतात."

कॉलेज सोडून घरी आलो तेव्हापासून बिस्किटांच्या जुन्या डब्यात ही औषधं मी कोणासाठी सांभाळतो? माय हसते, "कोठीत कापूस भरून पडला, अन् हा पुडीतला इकत आनते!" हसो. धोतराच्या पट्ट्या उकळून वाळवायच्या, टिंक्चरच्या बाटलीचं बूच घट्ट आहे का बघायचं, सगळं तिच्या एका बोटासाठी. आणि आज तिलाच शिकवत बसलो!

"बूच घट्ट लावजो, नाही तं टिंक्चर उडून जाते." मग राहवलं नाही, चिडूनच बोललो, "अन् एका हातानं पट्टी बांधता येत नाही. कोन बांधून देनार तुले?"

"ते हायेत ना," म्हणाली. आणि लाजली.

माझ्या डब्यातलं सगळंच तिनं आणलेल्या डब्यात टाकलं. बाटलीसुद्धा. ती गेल्यावर भिंतीवर मूठ हाणली, सालटी निघाली, आणि सवयीनं डबा उघडला. आत काय असणार?

माय म्हणाली, "रिकामा काऊन ठेवला रे? बाजारातून भरून आन."

आता कशाला भरू?

रक्त आपोआपच थांबलं. तिनं बूच घट्ट लावलं असेल ना, एवढंच डोक्यात फिरून राह्यलं.