गोरिला न पाहिलेला हमाल

३ जून

लिहायचं लिहायचं म्हणत वही उशाखाली घेऊन झोपतोय. अक्षरं आपोआप उमटतील असं वाटलं असावं! शाळेतही असंच करायचो. म्हणून तर शाळेने मला सोडलं.

तर. कबाले शहरात मोटरसायकलवरून माणसं पोचवली — कंटाळलो. बकऱ्यांचा धंदा केला — बकऱ्यांनाच माझा कंटाळा आला. (एक मात्र गुणी होती, कानावर पांढरा ठिपका. असो.) आता जंगलाच्या कडेला न्कुरिंगो गावात आत्याकडे राहतो आणि गोरिला बघायला आलेल्या पाहुण्यांच्या पिशव्या वाहतो. उतार, चिखल, काटे. एखाद्या बाईला मागून ढकला, पुढून ओढा. मग माग काढणाऱ्यांचा निरोप येतो, "सापडले!" — आणि नेमकं तिथेच आम्हा हमालांना थांबवतात. पिशव्या, काठ्या, डबे खाली. पाहुणे पुढे. आम्ही राखणीला. पाहुणे डोळे पुसत परत येतात, मी तोंडावरचा बिस्किटांचा चुरा पुसत उठतो.

म्हणजे सगळं जग जे बघायला इथे येतं, ते मी इथला असून पाहिलेलं नाही! आत्याला हे ठाऊक नाही. तिला सांगून बसलोय की कळपाचा म्होरक्या, रुपेरी पाठीचा थोरला नर, मला ओळखतो.

७ जून

बारिग्ये — माग काढणाऱ्यांचा म्होरक्या, हसला तर पगार कापतील असा चेहरा — आज म्हणाला, "ए पिशवी! सोमवारी माझ्याबरोबर आत येतोस? माग काढणाऱ्यांत एक जागा आहे. बघू तुझ्या पायात काही आहे, का सगळं तोंडातच."

आत! पिशव्यांच्या पुढे!

"घशातून आवाज काढायला शीक," म्हणाला. कळपाजवळ जाताना घसा खाकरल्यासारखं हळू गुरगुरायचं. म्हणजे त्यांना कळतं, भांडायला नाही आलो. संध्याकाळी केळीच्या बुंध्यापुढे उकिडवा बसून सराव केला. आत्या बाहेर आली.

"पोट साफ होत नाही का रे?"

"अगं, ही गोरिलांची विचारपूस आहे."

"तो तुला ओळखतो ना? मग आत्ता कुठे विचारपूस शिकतोयस?"

बाईचं डोकं नको तिथे चालतं.

१० जून

नाक चुरचुरतंय. धूळ असेल.

११ जून, रविवार

धूळ नाही.

आत्याने आलं उकळून पाजलं, वर ज्वारीची पेज. "उद्या जायचं नाही," म्हणाली. "तुझा शेंबूड तुला शेंबूड. गोरिलाच्या पिल्लाला तो मरण." चर्चमध्ये बारिग्येच्या बायकोने सांगितलंन म्हणे. जसं काही मला ठाऊकच नाही! रोज सकाळी पाहुण्यांना हेच विचारतात — खोकला, ताप असेल तर हात वर करा. आणि कुणी लाल नाकाने आभाळाकडे बघायला लागला की आम्ही हमाल एकमेकांना कोपरं मारतो.

पण एकदाच. तोंडाला फडकं असतंच. मी लांब उभा राहीन. एवढ्याने काय होतंय? — माझ्या आयुष्यातली प्रत्येक भानगड या वाक्यानेच सुरू झालीय.

जाणार.

१२ जून

रांगेत उभा राहिलो. गालात आल्याचा तुकडा, श्वास अर्धा.

"कुणाला सर्दी-खोकला?" बारिग्येने विचारलं. एका म्हाताऱ्या डॅनिश मास्तरांनी हात वर केला. "रात्रीपासून घसा धरलाय," म्हणाले आणि आपण होऊन बाकावर जाऊन बसले. इतक्या लांबून येऊन! मी त्यांच्याकडे बघत राहिलो आणि — शिंक आली! दाबायला हात नाकाकडे नेला. बारिग्येला वाटलं, मीही वर केला!

"शाबास!" पाठीत असा धपका घातला की आलं गिळलं. "पहिला दिवस, पण पठ्ठ्याने लपवलं नाही!" पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांतच शिंकलो.

माझ्या जागी तुरिनावे नावाच्या दुसऱ्या हमालाला आत नेलं. जाताना बारिग्ये म्हणाला, "बरा झालास की ये. जागा उरली तर." उरतेय कशाची. तुरिनावे परत आला. नुसता हसत होता, गाढव.

बाकावर मास्तरांनी मला आपला रुमाल दिला. म्हणाले, "आपण दोघं शहाणे." मी मान डोलावली. बाकावर शहाणा एकच होता. तेव्हापासून छातीत काहीतरी टोचतंय. आलं नव्हे.

१४ जून, दुपार

आत्या कोयता टाकून धावत आत आली. परसात थोरला आलाय! रुपेरी पाठ, मागे माद्या, पिल्लं — जंगल सोडून आमच्या केळीत! बुंधे सोलून गाभा खातायत. "ऊठ, बघ तरी," म्हणाली.

खोकला अजून आहे. दार मीच आतून लावलं. फटींत चिंध्या कोंबल्या. खिडकीशी एकटी आत्या, मी लांब कोपऱ्यात, उशी तोंडात धरून.

आत्या कुजबुजतेय — एक पिल्लू इकडेच आलं. तुझ्या भिंतीला टेकून बसलंय.