काळीची घंटी

एलेनबाई,

हे पत्र धाडायचं न्हाई. तुमी गेलात, असं तुमच्या विद्यार्थिनीनं परवा मोबाईलवर कळिवलं. पर तुमच्याशी एक खोटं बोलले, ते मनात सलतंय.

तुमी पानशेतला भाड्यानं राहायला हुता, तवा रोज काठी टेकत आमच्या वाडीवर यायच्या. फ्रान्सात चाळीस वर्सं संगीत शिकवलेली बाई, आन माज्या शेळ्यांच्या घंट्यांचं सूर पाच रेघांच्या कागदावर लिवून घ्यायची. दर शेळीची घंटी निराळी, डोळं मिटून बी कोण कुठं चरतंय ते कळतं, असं म्या सांगितलं. तुमी मोडक्या मराठीत म्हणालात, "रत्ना, मी पोरांना हेच शिकवते."

काळीची घंटी चिरलेली, बद्द वाजायची. तुमी काळीच्या मागं मागं फिरून तीच पुन्यांदा पुन्यांदा ऐकायच्या. मला लाज वाटायची. तुमी मायदेशी गेल्यावर म्या भोरच्या बाजारातनं नवी आणून बांदली. फोनवर तुमी विचारलंत, "काळी तशीच वाजते?" म्या म्हणलं, "व्हय, तशीच."

विद्यार्थिनीनं तुमी रचलेलं शेवटचं संगीत बी धाडलंय. त्यात सगळी वाद्यं गप व्हत्यात आन ती बद्द घंटी एकटीच वाजती.

काल जुनी घंटी आढ्यावरनं काढून काळीला परत बांदली. सांजच्याला शेळ्या डोंगरावरनं उतरायला लागल्या तशी डोळं मिटून दारात बसले. काळी सगळ्यात शेवटी आली. तिच्या मागनंच तुमी यायच्या, धापा टाकत. म्हणून लई येळ डोळं उघडलंच न्हाईत.

तुमची,
रत्ना